मणक्यातला ‘गॅप’

सकाळी ८.३०. जिंतूर, पाथरीकडच्या पहिल्या एसट्यांनी आलेली माणसं परभणीतल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्राच्या पायरीवर बसलेली असतात. कापसाच्या वेचणीचे दिवस आहेत. पोटाशी ओटी बांधून दिवसभर वाकायचं आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घ्यायचं, त्यामुळे बायकांच्या कमरेची तक्रार या दिवसांत हमखास वाढते.

९.१५. मानवतकडच्या एक मावशी पिशवीतून एमआरआयची फिल्म काढतात, ती अगदी जपून. “मणक्यात गॅप पडलाय म्हणले. वाकायचंच नाही म्हणले.” त्यानंतर त्यांनी शेत सोडलं, मग झाडलोट सोडली, आता खाली बसणंही सोडलंय. दुखणं मात्र वाढतच गेलं.

मी आधी फिल्म बाजूला ठेवते आणि त्यांचं ऐकते. मग पाय, ताकद, संवेदना तपासते. सगळं नीट आहे. तेव्हा सांगते, “मावशी, केस पिकतात तशा मणक्यांमधल्या चकत्याही वयानं बदलतात.” हे समजुतीपुरतं सांगत नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या होत्या. ‘गॅप’ ऐकल्यावर मावशींना वाटलं होतं, वाकलं की मणका निसटेल. या भीतीनं स्नायू आखडतात, माणूस हालचाल टाळतो आणि मेंदू साध्या ताणालाही धोका समजू लागतो. औषधावरच्या विश्वासानं दुखणं उतरतं, तो ‘प्लासिबो’; तसंच ते धास्तीनं चढतं. याला ‘नोसिबो’ म्हणतात. माझ्या मते आपल्या भागातल्या कंबरदुखीत या नोसिबोचा वाटा फार मोठा आहे आणि तो आम्ही उपचार करणारेच वाढवतो.

मावशी खुर्चीवरून उठतात, बसतात, पुन्हा उठतात. मग माझा हात पाठीवर असताना गुडघ्यापर्यंत वाकतात. आणखी थोडं खाली जातात.

११. गुडघे धरून आलेले एक आजोबा विचारतात, “सुई न्हाई का द्यायची?” सोबतचा मुलगा म्हणतो, “मॅडम, पाण्याची दिली तरी त्यांना बरं वाटतंय. सगळं मनाचं हाय.” या वाक्यावर मी नेहमी थांबते. १९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध नसलेल्या सुईनं ज्यांचं दुखणं कमी झालं, त्यांना मार्फिनचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिलं, तेव्हा त्यांचा आराम ओसरला. म्हणजे शरीरानं स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडली होती. पाण्याच्या सुईनं बरं वाटलं म्हणून वडिलांचं दुखणं खोटं ठरत नाही, हे मुलाला समजावून सांगते. ह्यूस्टनमध्ये तर गुडघ्याच्या झिजेवरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तुलना त्वचेला नुसते छेद दिलेल्या रुग्णांशी केली होती. निष्कर्ष २००२ साली आले : दोन वर्षांत खऱ्या शस्त्रक्रियेला वरचढ ठरता आलं नाही. आजोबांना सुई मिळत नाही; मांडीचे व्यायाम मिळतात, आणि ते मी स्वतः शेजारी बसून करून घेते.

१.३०. डब्याच्या वेळी उसणीचा विषय निघतो. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. ताजी उसण बहुतेकदा काही दिवसांत, फार तर आठवड्यांत, आपोआप ओसरते. अगदी असह्य होतं त्याच दिवशी माणूस उपाय शोधतो आणि उताराचं श्रेय शेवटच्या उपायाला देतो. त्यामुळे प्रत्येक आराम प्लासिबोचा नसतो. माझ्या हातून बरे झालेल्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

३. कंबरदुखीसोबत पाऊल लुळं पडलेला आणि लघवी अडलेला एक तरुण येतो. त्याला ताबडतोब जिल्हा रुग्णालयात पाठवते. दबलेल्या नसेपुढे दिलाशाचे शब्द चालत नाहीत; तिथे तास मोजायचे असतात.

४.३०. “मशीन लावा” हा आग्रह. कंबरदुखीत अल्ट्रासाउंडच्या मशीनचा खास फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, तसं मी सांगते. खोटं बोलल्याशिवाय रुग्णाचा विश्वास वापरता येत नाही, असं अनेक सहकारी मानतात. मला ते पटत नाही. लिस्बनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना ‘यात औषध नाही’ असं स्पष्ट सांगून तीन आठवडे गोळ्या दिल्या. नेहमीचे उपचार चालू होतेच. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांचं दुखणं जास्त उतरलं. हा अभ्यास २०१६ साली छापून आला. मग वेळ देणं, नीट तपासणं, कारण कळेल असं सांगणं आणि पुढच्या भेटीची तारीख देणं यात फसवणुकीची गरजच कुठे उरते?

६.३०. मावशींच्या सुनेला फोन करते. ठरतं ते असं : उद्यापासून सकाळचे दोन तास वेचणी, दर ओळीच्या शेवटी कंबर सरळ करून चार पावलं चालायचं, गाठोडं सध्या सुनेनं उचलायचं. आणि घरात ‘गॅप’ हा शब्द कुणी काढायचा नाही. सून विचारते, “पण त्या वाकल्या तर चालंल ना?” चालेल, मी सांगते, वाकायलाच हवं.