सेप्टिक टाकीचे पाणी जमिनीत जिरविताना



मळ्यात किंवा वस्तीवर घर बांधताना सेप्टिक टाकी मजबूत व्हावी याकडे आपण लक्ष देतो. टाकीतून बाहेर पडणारे पाणी मात्र जवळच खड्डा घेऊन सोडून दिले जाते. टाकीत मैला खाली बसतो व काही प्रमाणात कुजतो. बाहेर येणाऱ्या पाण्यात रोगजंतू आणि नत्र शिल्लक असतेच. हे पाणी स्वच्छ करण्याचे उरलेले काम माती करते. माती पाणी फार सावकाश पिऊ लागली तर ते वर येऊन अंगणात साचते. फार लवकर पिऊ लागली तर न गाळताच विहिरीला मिळते. म्हणून खोदाईपूर्वी माती तपासणे गरजेचे आहे.

खोल शोषखड्डा पाणी भूजलाच्या जवळ नेतो. उथळ शोषचर ते वरच्या थरात पसरवितो. तेथे हवा खेळती असते व उपयुक्त जिवाणू जास्त असतात. जागा उपलब्ध असल्यास चरालाच पसंती द्यावी.

जागेची निवड

भारतीय मानक आय. एस. २४७० (भाग २) : १९८५ प्रमाणे शोषचर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून किमान ६ मीटर दूर असावा. आपल्याकडील काळ्या कातळाला भेगा असतात आणि कोकणातील जांभ्यात पोकळ्या असतात. अशा ठिकाणी १८ मीटर पुरतीलच असे नाही. मातीचा थर उथळ व खाली भेगाळ खडक असेल तर ती जागा टाळावी. शोषचर विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा. विहिरीचे झरे ज्या बाजूने येतात, ती बाजू सोडावी.

भूजलाची पातळी पावसाळ्याच्या अखेरीस पाहावी, उन्हाळ्यात नव्हे. ती जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असल्यास चर खोदू नये. तेथे जमिनीच्या वर भराव करून त्यात चर घ्यावा लागतो.

झिरप चाचणी

नियोजित चराच्या खोलीइतका, १० ते ३० सें.मी. रुंदीचा खड्डा घ्यावा. बाजू खरवडून तळाशी ५ सें.मी. जाड वाळू टाकावी. खड्ड्यात ३० सें.मी. पाणी भरून रात्रभर भिजू द्यावे. काळ्या जमिनीत हे विशेष महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात भेगा पाणी गिळतात आणि जमीन चांगली निचऱ्याची वाटते. भिजल्यावर मात्र चिकणमाती फुगते व भेगा मिटतात.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या वर १५ सें.मी. पाणी ठेवून दर अर्ध्या तासाने घट मोजावी व पाणी पुन्हा भरावे. घट स्थिर झाल्यावर शेवटच्या अर्ध्या तासाची नोंद धरावी. त्यावरून पाणी २५ मि.मी. खाली जाण्यास लागणारा वेळ काढावा. दर चौरस मीटर चराच्या तळातून रोज जिरविता येणारे पाणी असे :

५ मिनिटे – ९० लिटर
१० मिनिटे – ६५ लिटर
१५ मिनिटे – ५२ लिटर
३० मिनिटे – ३७ लिटर
६० मिनिटे – २६ लिटर

वेळ ३० मिनिटांहून अधिक असल्यास शोषखड्डा घेऊ नये. ६० मिनिटांहून अधिक असल्यास चरही चालणार नाही. खोल काळ्या जमिनीत बहुधा हीच स्थिती आढळते. तेथे खालून वर पाणी चढणारी खडीची गाळणटाकी बांधावी व त्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

चराची लांबी

समजा, सहा माणसांच्या घरातून रोज ६०० लिटर पाणी टाकीत येते आणि अर्ध्या तासात घट ५ सें.मी. आहे. म्हणजे २५ मि.मी.ला १५ मिनिटे लागतात. ६०० भागिले ५२ म्हणजे सुमारे १२ चौरस मीटर तळ हवा. चर ६० सें.मी. रुंद ठेवल्यास २० मीटर लांबी लागेल. ती १० मीटरच्या दोन चरांत विभागावी. दोन चरांत २ मीटर अंतर ठेवावे. कोणताही चर ३० मीटरपेक्षा लांब नसावा.

बांधणी

चर ५० ते १०० सें.मी. खोल घ्यावा. खोदाई जमीन वापशावर असताना करावी. ओल्या चिकण जमिनीत फावड्याने किंवा यंत्राच्या बकेटने बाजू चोपल्या जाऊन छिद्रे बुजतात. तसे झाल्यास बाजू व तळ खरवडावा. तळाला अगदी हलका उतार द्यावा. त्यावर धुतलेली खडी १५ ते २५ सें.मी. भरून तिच्यात ७५ ते १०० मि.मी. व्यासाचा छिद्रांचा पाइप टाकावा. खडीवर गवताचा पेंढा किंवा जाड कागद अंथरून मग माती लोटावी, म्हणजे माती खडीत उतरणार नाही. टाकी व चर यांच्यामध्ये वाटणी चेंबर बांधून दोन्ही चरांना सारखे पाणी द्यावे.

निगा

चरावर गवत वाढू द्यावे. मोठी झाडे लावू नयेत व ट्रॅक्टर, बैलगाडी नेऊ नये. छपराचे पाणी आणि गोठ्याचे धुवण टाकीत सोडू नये. दर दोन-तीन वर्षांनी टाकीतील गाळ सक्शन यंत्राने काढून घ्यावा, अन्यथा तो चरात जाऊन मातीची छिद्रे कायमची बुजवितो. टाकीत माणूस उतरवू नये. आतील विषारी वायूने क्षणात जीव जातो आणि २०१३ च्या कायद्याने ते निषिद्धही आहे. या पाण्यावर भाजीपाला घेऊ नये.

विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते पाणी पिण्यास, विशेषतः तान्ह्या बाळाच्या दुधासाठी, वापरू नये. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. चाचणीला एक रात्र व एक दिवस लागतो. बिघडलेली विहीर सुधारण्यास कित्येक वर्षे लागू शकतात.