आईविना पिल्लांची ऊब

आज आपण कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांना ऊब आणि उजेड कसा द्यायचा, याबद्दल बोलणार आहोत. थंडी तोंडावर आली आहे. बऱ्याच गटांतल्या बायकांनी अंतर्गत कर्ज घेऊन वनराज, गिरिराज, कावेरीची पिल्लं सांगून ठेवली आहेत. म्हणून पिल्लं घरी येण्याआधीच हा विषय घेतला.

घरची खुडूक कोंबडी अंडी उबवते, तेव्हा आपल्याला काही करावं लागत नाही. पिल्लू गारठलं की आईच्या पंखाखाली शिरतं, ऊब मिळाली की बाहेर येऊन दाणे टिपतं. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना मात्र आई नसते. अंगावर नुसती लव असते, खरी पिसं यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. तेवढे दिवस आपण लावलेला दिवा हीच त्यांची आई.

पिल्लाच्या पोटात अंड्यातला थोडा बलक शिल्लक असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. गारठलेलं पिल्लू दाण्यापाण्याकडे जात नाही, कोपऱ्यात गोळा होऊन बसतं. बलक संपला की चौथ्या-पाचव्या दिवशी मरतुक सुरू होते. तेव्हा आपण म्हणतो, रोग आला, पिल्लंच खराब दिली, कुणाची तरी नजर लागली. पण बरेचदा चूक पहिल्याच रात्री झालेली असते. हप्ता मात्र भरावाच लागतो.

आता तयारी. १०० पिल्लांसाठी पत्रा, पुठ्ठा किंवा बांबूच्या तट्ट्याचं दीड फूट उंचीचं गोल रिंगण करा. गोलच करा, कारण कोपरा मिळाला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात पाच-सहा फूट रुंदीचं रिंगण पुरतं, पुढे ते वाढवत न्या. खाली दोन-तीन इंच कोरडं भाताचं तूस पसरा. पहिले दोन दिवस त्यावर कागद अंथरा आणि कागदावर मक्याचा भरडा टाका.

ऊब देण्यासाठी बल्ब कोणता, हे नीट ऐका. हल्ली सगळ्यांच्या घरात एलईडी दिवे आहेत. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. खोली लख्ख दिसते आणि पिल्लं गारठतात. म्हणून तारेचा जुना पिवळा बल्बच लागतो. हिशेब सोपा आहे: एका पिल्लाला २ वॅट. १०० पिल्लांना २०० वॅटचा एकच बल्ब लावण्यापेक्षा ६० वॅटचे चार लावा. एक गेला तरी तीन चालू राहतात. चार बल्ब २४ तास चालले तर रोज पावणेसहा युनिट वीज जाते, तो खर्च आधीच धरून ठेवा.

बल्ब तुसापासून साधारण दीड फुटावर, रिंगणाच्या मधोमध टांगा. तो नुसत्या वायरीवर न लटकवता तारेने पक्का बांधा. तुसात पडला तर आग लागते. गोणपाटही बल्बपासून लांब ठेवा. पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच दिवे लावून जागा तापवून घ्या.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअस तापमान हवं. पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करायचं, म्हणजे ३२, २९, २६. त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर उचला. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत ऊब बंद करता येते, थंडीत चार-पाच आठवडे द्यावी लागते.

तापमापक नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली दाटीवाटीने बसून चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी पडते, बल्ब खाली घ्या. बल्बपासून लांब, कडेला चोच उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारं येतं, तिथे आडोसा करा. रिंगणभर पसरून खात-पीत असतील, काही निवांत पाय पसरून झोपली असतील, तर सगळं ठीक आहे. दिवसा तर बघाच, पण पहाटे तीन-चारला नक्की बघा. खरा गारठा तेव्हाच पडतो.

पहिले तीन दिवस रात्रभर उजेड ठेवा, कारण पिल्लू अंधारात खात नाही. चौथ्या दिवसापासून रात्री आपण जवळ असताना अर्धा तास दिवे बंद करा. अंधाराची सवय झाली की वीज गेल्यावर पिल्लं घाबरून एकमेकांवर चढत नाहीत.

आता लोडशेडिंगचं. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून रिंगणात ठेवा, रिंगण लहान करा. कोळशाची शेगडी ठेवायचीच झाली, तर खिडकी उघडी हवी आणि शेगडीभोवती जाळी हवी. कोळशाचा धूर दिसला नाही तरी त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वासही नसतो. बंद खोलीत तो पिल्लांना मारतो, तसाच माणसालाही मारतो. म्हणून शेगडी असलेल्या खोलीत आपण किंवा मुलांनी कधीही झोपायचं नाही. खिडकीला गोणपाट लावतानाही वरचा हातभर भाग मोकळा ठेवा.

तुमच्या गटात पिल्लं येणार असतील, तर येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून वहीत लिहा: पिवळे बल्ब कोण आणणार, आदल्या दिवशी जागा कोण तापवणार, आणि पहिल्या सात रात्री पहाटे उठून बघण्याची पाळी कुणाची. नावं लिहिली नाहीत, तर जिच्या घरी पिल्लं आहेत त्या एकटीवरच सगळं जागरण पडतं.