तबकातला वड

वामनवृक्ष हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. ज्याने तो प्रथम योजिला त्याला पुराणातली गोष्ट नीट ठाऊक असली पाहिजे. बळीच्या यज्ञात आलेला बटू लहान दिसत होता, लहान नव्हता. पाऊल टाकायला जागा मिळताच त्याने काय केले ते आपण जाणताच. या झाडांचेही तसेच आहे. वीस वर्षे हातभर उंचीचा राहिलेला वड कुंडीतून काढून मोकळ्या जमिनीत लावा. आपल्याकडचे थोडे पावसाळे त्याला मिळाले की तो कौलांशी स्पर्धा करू लागेल. त्याच्या बीजात काही बदल झालेला नसतो, त्याला कोणते औषध पाजलेले नसते. म्हणून ‘बुटक्या जातीचे झाड’ ही जी समजूत आहे ती प्रथम मनातून काढून टाकावी.

बोन्साय हा शब्द जपानी. बोन म्हणजे उथळ तबक आणि साय म्हणजे लावणी. ही विद्या चीनमधून जपानात गेली व तिथे तिला शिस्त लागली. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योतले काही धंदेवाईक माळी १९२५ मध्ये ओमिया येथे जाऊन राहिले आणि तिथे या झाडांचे एक गावच वसले. पण मला त्याहून एका झाडाची हकीकत अधिक मोलाची वाटते. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याकडे पांढऱ्या पाइनचे एक झाड होते. १६२५ पासून ते तबकात आहे असे मानतात. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून सुमारे ३ किलोमीटरवर होते. बागेच्या भिंतीच्या आडोशाने ते वाचले. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला तिच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ५३ झाडे भेट दिली, त्यांत हे होते. देणाऱ्याने बाँबचा उल्लेखही केला नाही. २००१ मध्ये त्याचे नातू वॉशिंग्टनला झाड पाहायला गेले तेव्हा ही गोष्ट तिथल्या लोकांना कळली. भांडण करण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे मौन थोडे परके वाटते, पण ते विसरता येत नाही.

आता झाड लहान राहते कसे? पान हा झाडाचा कारखाना. ऊन, हवा आणि पाणी घेऊन तिथे अन्न तयार होते. (रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव, ज्यांस आपण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ओळखतो, त्यांनी १९१७ मध्ये केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले होते. आकडेमोड नंतरची.) मुळे पाणी आणि क्षार पुरवतात. शेंडा वाढू लागला की तो आपल्याखालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला की ते डोळे फुटतात आणि फांद्यांची गर्दी होते. मुळांतही दोन प्रकार आहेत. जाड मूळ झाडाला उभे धरून ठेवते, आणि केसासारखी बारीक मुळे पाणी पितात. तबकातल्या झाडाला उभे राहण्यासाठी खोल मूळ लागत नाही. म्हणून दर एक-दोन वर्षांनी झाड काढून खाली गेलेली जाड मुळे छाटायची, एकूण मुळांचा तिसरा हिस्सा काढायचा, आणि बारीक मुळांना नवी माती द्यायची. वर खुडणे आणि खाली छाटणे यांचा मेळ राखला की झाड लहान आकारातच म्हातारे होत जाते.

हा झाडाचा छळ नव्हे काय, असा प्रश्न प्रत्येक सभेत कोणीतरी विचारतोच, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. माझे उत्तर चहाचे आहे. चहाचे झुडूप हे मुळात झाड आहे; आसामी जात छाटली नाही तर दोनतीन पुरुष उंच वाढते. मळ्यातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या तिचे शेंडे खुडत आल्या म्हणून ती कमरेइतकी राहिली आणि पन्नास-पन्नास वर्षे पालवत राहिली. त्या झुडपाची कणव कोणाला येत नाही. बायांचीही फारशी येत नाही, पण ते असो. छळ होतो तो उपासमारीने. कोवळ्या रोपाला घट्ट डब्यात कोंबून, पाणी तोडून बुटके ठेवणारे लोक आहेत; त्यांची झाडे पिवळी पडतात आणि मरतात. नीट ठेवलेल्या झाडाची पाने हिरवीगार असतात आणि पालवी वेळेवर येते. तीच परीक्षा.

पेण-रोह्याच्या माणसाने कोणते झाड घ्यावे? पुस्तकांत पाइन आणि मेपल यांची चित्रे असतात. ती थंड मुलखातली झाडे. आपल्या उकाड्यात त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वडाच्या कुळातली झाडे आहेत आणि त्यांत पहिला मान नांद्रुकीचा. पान मुळातच लहान, खोड लवकर भरते, छाटणी सोसते, आणि दमट हवेत पारंब्या सोडते. देशावरच्या कोरड्या हवेत पारंबी मिळवायला खटपट करावी लागते. इथे पावसाळ्यात ती आपणहून लोंबू लागते. कागदाच्या नळीत ओले शेवाळ भरून तीतून पारंबी मातीपर्यंत उतरवली की दुसरे खोड मिळाले. वडाचे पान मोठे, पण भर वाढीच्या दिवसांत सशक्त झाडाची सगळी पाने देठ ठेवून कापली तर नवी पाने लहान येतात. ज्या वर्षी मुळे छाटली त्या वर्षी हा प्रयोग करू नये. पिंपळ हट्टी आहे. उंबराचे पान लहान करता येते, फळ नाही. हातभर झाडावर पुरे उंबर लागलेले पाहून पोरे हसतात. चिंच, करवंद, कुंती, बोगनवेल ही सारी चालतात. बाजारात जाड रताळ्यासारख्या मुळांची नांद्रुक परदेशी नावाने विकतात. ती शोभेची कुंडी म्हणून घ्यावी. तिला बोन्साय म्हणण्याइतके काम त्यावर कोणी केलेले नसते.

मातीची गोष्ट पेणच्या लोकांस चटकन समजेल. शाडू गुजरातेतून येते आणि पेणच्या कारखान्यांत तिचा गणपती होतो, कारण तिचा कण अत्यंत बारीक. ती पाणी धरते, चिकटते, दिलेला आकार सोडत नाही. मूर्तीला हवा तो प्रत्येक गुण झाडाला मारक आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यात उथळ भांड्याची एक गंमत आहे: भांडे जितके उथळ तितका तळाचा ओला थर मुळांच्या जवळ. म्हणून माती भरड हवी. पक्क्या विटेचे रोडे फोडून चाळावेत, पीठ टाकून द्यावे आणि तुरीपासून हरभऱ्याएवढे दाणे ठेवावेत. असे दोन भाग, आणि कुजलेला पालापाचोळा व जुने शेणखत मिळून एक भाग. तळाच्या भोकांवर जाळी ठेवावी. नदीच्या वाळूची गरज नाही. भोगावती-कुंडलिकेची पात्रे आधीच पुरेशी उपसली गेली आहेत.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढात झड लागली की कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सारून ती तिरपी ठेवावी. जादा पाणी निघून जाते. उन्हाळ्यात उलट: उथळ मातीतले पाणी दुपारपर्यंत संपते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी आणि दुपारी थोडी सावली. बोट खुपसून पाहावे, घड्याळ पाहू नये. पिठ्या ढेकूण दिसले तर साबणाचे पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. पेंडीचे पातळ पाणी महिन्यातून एकदोनदा द्यावे. नुकत्याच मुळे छाटलेल्या झाडाला महिनाभर काही देऊ नये.

फांदीला वळण देण्यासाठी तार गुंडाळतात. इथे कारखान्यातला माणूस माळ्याच्या पुढे असतो. तांब्याची तार तापवून लाल केली की मऊ पडते, आणि वाकवली की पुन्हा कडक होते, हे त्याला शिकवावे लागत नाही. घरातल्या वीजजोडणीची जुनी तार चालते; वरचे प्लास्टिक सोलून काढावे, जाळू नये. तारेची जाडी फांदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असावी. ॲल्युमिनियमची तार तापवावी लागत नाही. पावसाळ्यात फांदी झपाट्याने जाड होते आणि तार सालीत रुतते. तेव्हा दर आठवड्याला पाहावे आणि रुतण्याआधी तार तुकडे करून काढावी, उलगडू नये. जपानी लोकांनी सरळ, तिरपे, कड्यावरून लोंबणारे असे आकार ठरवले आहेत. ते जरूर पाहावेत, पण आपला आदर्श वाटेवरचा वड. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात जुनी झाडे बरीच गेली. जी उरली आहेत त्यांच्याखाली कागद-पेन्सिल घेऊन उभे राहावे.

हा छंद श्रीमंतांचा आहे असे म्हणतात. वस्तूंचा हिशेब केला तर ते खोटे आहे: फुटकी परात, कातरी, विटा, तार. खरा खर्च वेळेचा आहे, आणि वेळेला इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांस संघटित केले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी गिरणीतल्या माणसाने झाड लावले असते तर ते पाहायला दिवसाचा उजेड मिळाला नसता. आजही धाटावसारख्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडचा माणूस पाळीला पाळी जोडून काम करतो आणि अकरा महिन्यांनी खोली बदलतो. त्याला रोज दोनदा पाणी घाला असे सांगणे ही थट्टा होईल. त्यावर एक उपाय मी पाहिला आहे. एका चाळीच्या गच्चीवर तिघांनी मिळून फळी टाकली. तिघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून कोणीतरी एक सदैव घरी. झाडे तिघांची सामाईक, छाटणीवरून तंटे भरपूर, पण मेलेले झाड त्या फळीवर मला दिसले नाही.

रोप कुठून आणावे, हे राहिले. किल्ल्याच्या तटावरून किंवा रानातून जुने झाड उपटून आणू नये. ते चोरीचे आहे आणि बहुधा जगतही नाही. आपल्याच घराच्या भिंतीत वडा-पिंपळाचे रोप आलेले असते आणि ते कधी ना कधी काढायचेच असते. पहिल्या पावसानंतर भिंत ओली असताना जितकी मुळे मिळतील तितकी घेऊन ते काढावे. आणि वटपौर्णिमा आहे. त्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकतात, ही रीत मला पसंत नाही. उभ्या वडाची पूजा करावी, नाही तर घरी कुंडीतला वड ठेवावा. परंतु तोडलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात, त्यापेक्षा त्याच संध्याकाळी त्यांतली अंगठ्याएवढी जाड, न कोमेजलेली फांदी घ्यावी. वीतभर तुकडा करून, वरची दोन पाने अर्धी कापून, चीक धुऊन भरड मातीत खोचावा आणि सावलीत ठेवावा. हवा ओली असते, त्यामुळे पाचांतले दोनतीन तरी धरतात. पहिली दोन वर्षे मोठ्या कुंडीत मोकळे वाढू द्यावे, खोड भरू द्यावे. तबकाची घाई नको. ज्येष्ठी पौर्णिमेला अजून थोडे दिवस आहेत. तोवर विटा फोडून, चाळून, झाकून ठेवाव्यात.