गांसडीवरचें नांव आणि आंतली रुई

एकानें घडविलेली वस्तु दुसऱ्याच्या नांवानें विकली जावी, हा व्यवहार बाजाराला नवा नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार मूळची इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००’. उत्तरपाडा येथें तयार झालेली अँबॅसडर ही मूळची विलायतेंतील मॉरिस ऑक्सफर्ड. गणकयंत्रांच्या धंद्यांत तर ही रीति सर्रास होती. जपानांत फुजित्सु कंपनीनें ‘एस-४’ या नांवाखालीं विकलेलीं वर्कस्टेशनें हीं अमेरिकेंतील सन कंपनीच्या स्पार्कस्टेशनांचींच रूपें होतीं, आणि कंट्रोल डेटा कंपनीचें ‘सायबर ९१०’ म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचें ‘आयरिस’. अशा यंत्राचा एखादा भाग बिघडला म्हणजे दुरुस्त करणारा मनुष्य दर्शनी पाटीवर विसंबत नाहीं. तो झांकण काढतो, आंतील क्रमांक वाचतो आणि मूळ कारखानदारानें त्या नमुन्याला कोणतें नांव दिलें होतें तें शोधून काढतो. सुटा भाग बहुधा त्या मूळ नांवानेंच मिळतो.

यंत्राचें एक बरें असतें. वरचें नांव बदललें तरी त्याच्या पोटांत मूळची ओळख शाबूत राहते. परंतु जिच्या एका कणालाहि पाटी लावतां येत नाहीं, आणि जी दुसऱ्या ठिकाणच्या मालांत मिसळली तर पुन्हां वेगळी काढतां येत नाहीं, अशा वस्तूचें मूळ कसें ओळखावें? मुंबईच्या एका पेठेनें या प्रश्नापायीं दीडशें वर्षांहून अधिक काळ डोकें शिणविलें आहे. ती वस्तु म्हणजे रुई आणि ती पेठ म्हणजे कॉटन ग्रीन.

कॉटन ग्रीन हें नांवहि आजच्या जागेचें मूळचें नव्हे. मुंबईच्या कोटांत, टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानांत रुईच्या गांसड्या रचल्या जात, म्हणून त्या हिरवळीला हें नांव पडलें. १८४४ मध्यें तो बाजार कुलाब्यास गेला आणि नांवहि त्याच्याबरोबर गेलें. पुढें माझगांव-शिवडीच्या किनाऱ्यावर पोर्ट ट्रस्टनें भर घालून नवी जमीन तयार केली, तेथें रुईसाठीं अग्निरोधक गोदामें बांधलीं, आणि १९२० नंतरच्या दशकांत बाजारानें तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलविलें. हार्बर रेल्वेचें स्टेशन व कॉटन एक्स्चेंजची इमारत यांनीं तें नांव तेथें कायमचें रुजविलें. हिरवळ कोठेंच उरली नाहीं. नांव मात्र राहिलें. रुईच्या नांवांचीहि गोष्ट अशीच आहे.

जुन्या बाजारांत रुईला जीं नांवें होतीं, तीं ऐकणाऱ्यास गांवांचीं वाटत. ‘ऊमरा’ म्हणजे उमरावतीचा, अर्थात् आजच्या अमरावतीचा माल. पण प्रत्यक्षांत वऱ्हाडाबरोबर खानदेश आणि मध्यप्रांत येथील रुईहि त्याच नांवाखालीं मोडत असे. ‘कुमठा’ हें नांव कारवारच्या बाजूच्या एका बंदराचें. त्या बंदराच्या परिसरांत तो कापूस पिकत नव्हता. तो धारवाडच्या काळ्या जमिनींत पिके आणि घाट उतरून कुमठ्यास येऊन गलबतांत चढे. आगगाडी झाल्यावर कुमठ्याची वाट ओस पडली, तरी नांव बदललें नाहीं. ‘बंगाल’ नांवाची रुई पंजाबांत, संयुक्त प्रांतांत व राजपुतान्यांत होत असे. आणि हा सारा माल लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरला कीं तेथील दलाल त्याला एकच नांव देत — ‘सुरत’. म्हणजे एका नांवानें शेत सांगावें, दुसऱ्यानें बंदर, तिसऱ्यानें दूरचा प्रांत, आणि शेवटीं सर्वांची ओळख पुसून टाकणारें चौथें.

या गोंधळाची किंमत लौकरच मोजावी लागली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी रुईवर येऊन ठेपल्या. मुंबईंत भाव आकाशाला भिडले. त्या लोभानें गांसड्यांत सरकी, माती, पाणी आणि हलकी रुई जाऊं लागली. विलायतेंतील कामगारांना तो आंखूड व कचरट धागा कांततां कांततां नकोसा झाला. ‘सुरत’ हा शब्दच हलक्या मालाला शिवीसारखा वापरांत आला. इतका कीं, १८६३ मध्यें बीअर गाळणाऱ्या एका इंग्रज व्यावसायिकानें आपल्या मालास ‘सुरत’ म्हटल्याबद्दल न्यायालयांत दाद मागितली. त्याच वर्षीं मुंबई सरकारला रुईंतील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. नांवाखालीं काय आहे याचा भरंवसा नसला म्हणजे खरेदीदार त्या नांवांतील सर्वांत वाईट माल मनांत धरून भाव देतो. त्यामुळें लबाडी करणाऱ्याचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. बुडतो तो चांगला कापूस पिकविणारा. स्वच्छ वेंचलेल्या, लांब धाग्याच्या कापसालाहि त्या बदनाम नांवाचाच भाव येतो. मग पुढल्या हंगामांत त्यानें तरी श्रम कां घ्यावे? भेसळ अशी गोदामांतून शेतांत शिरते.

वऱ्हाड-नागपुराकडे नेमकें हेंच घडलें. हिंगणघाटची ‘बनी’ ही रुई एके काळीं देशी कापसांत नामांकित होती. तिचा धागा तलम, पण झाडाचें उत्पन्न बेताचें. आंखूड व जाड धाग्याच्या दुसऱ्या जातींच्या बोंडांतून रुईचा उतारा अधिक पडे, आणि बाजार तर तलमपणाचे चार पैसे जास्त द्यायला खात्रीनें तयार नव्हता. शेतकऱ्यानें हिशेब केला आणि बनी मागें पडली. हिंगणघाट हें नांव राहिलें. त्या नांवाला ज्या झाडानें कीर्ति मिळवून दिली होती, तेंच नाहींसें होत गेलें.

दुसरी युक्ति आगगाडीची. हलक्या रुईच्या गांसड्या चांगल्या कापसाबद्दल प्रसिद्ध असलेल्या गांवीं न्यावयाच्या, तेथील रुईंत मिसळून पुन्हां दाबावयाच्या आणि त्या गांवच्या नांवानें मुंबईस धाडावयाच्या. मोटारीची पाटी बदलण्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें झांकण काढून पाहण्याची सोय नव्हती. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्यानें अशा राखीव मुलुखांत बाहेरचा कापूस नेण्यास बंदी करण्याची तरतूद केली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें त्याहून महत्त्वाची गोष्ट केली. प्रत्येक प्रेसला स्वतःची खूण ठरवून दिली, आणि तेथें दाबलेल्या प्रत्येक गांसडीवर ती खूण व अनुक्रमांक उमटविणें सक्तीचें केलें. कोणासाठीं कोणत्या क्रमांकाच्या गांसड्या दाबल्या, याची वही ठेवणेंहि कारखानदारावर बंधनकारक झालें. त्या काळची गांसडी ३९२ रत्तलांची असे. तेवढ्या रुईला प्रथमच एक जन्मपत्रिका मिळाली. व्यापारी तिला ऊमरा म्हणो वा आणखी कांहीं म्हणो, प्रेसची खूण वाचणारास तिच्या जन्मस्थानापर्यंत माग काढतां येऊं लागला.

खुणेनें स्थळ कळतें, पण गुण कळत नाहीं. गुण ओळखण्याचें काम दलालाच्या बोटांचें. गांसडीच्या निरनिराळ्या भागांतून नमुना काढावयाचा. रंग, पानांचा चुरा आणि सरकीचे तुकडे पाहावयाचे. मग चिमटींत थोडी रुई धरून ती ओढून-ओढून तंतु समांतर करावयाचे आणि त्यांची लांबी नजरेनें मापावयाची. या कलेला शास्त्राची जोड देण्यासाठीं इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनें १९२४ मध्यें माटुंग्यास प्रयोगशाळा उघडली. एखाद्या जातीचें सूत किती बारीक निघूं शकेल, हें तेथें प्रत्यक्ष कांतून ठरवीत. तीच संस्था आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून काम करीत आहे. आतां यंत्रें कांहीं क्षणांतच तंतूची लांबी, जाडी व ताकद आंकड्यांत सांगतात. ‘बंगाल देशी’चा धागा २२ मिलिमीटरहून आंखूड, गुजराथच्या ‘शंकर-६’चा २८-२९ मिलिमीटरांच्या आसपास, तर दक्षिणेंतील ‘सुविन’चा ३७ मिलिमीटरांच्याहि वर, हें अंतर कोणत्याहि नांवानें लपत नाहीं.

एवढें होऊनहि नांवांचा खेळ संपलेला नाहीं. त्यानें रूप पालटलें आहे. गांवांच्या नांवांची जागा संकरित व सुधारलेल्या जातींच्या नांवांनीं घेतली. १९७० मध्यें डॉ. सी. टी. पटेल यांनीं ‘एच-४’ ही व्यापारी लागवडीस उतरलेली जगांतील पहिली संकरित कापूस-जात सिद्ध केली, तीहि सुरतेच्या संशोधन केंद्रांत. ज्या गांवाचें नांव शंभर वर्षांपूर्वीं शिवी म्हणून वापरलें गेलें, त्यानेंच असें उत्तर द्यावें, हा योग विलक्षण खरा. पुढें २००२ मध्यें बी. टी. कापसास परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत देशांतील बहुतेक शेतांत नवीं बियाणीं आलीं. तरीहि बाजारांत उत्तरेची रुई ‘जे-३४’, गुजराथची ‘शंकर-६’ आणि मध्य भागांतील मध्यम धाग्याची ‘एच-४’ याच नांवांनीं ओळखली जात राहिली. नांव ऐकून एखाद्यानें तेंच बियाणें शेतांत असेल असें समजावें, तर तो फसेल. हीं नांवें आतां झाडाचीं नाहींत. विशिष्ट प्रदेश आणि विशिष्ट लांबीचा धागा यांच्या त्या पाट्या आहेत.

पाटी आहे म्हणून ती खोटीच, असें मात्र नव्हे. व्यापाराला थोडक्यांत बोलावें लागतें, आणि ‘शंकर-६’ म्हटल्यावर मुंबईचा दलाल व कोइमतूरचा गिरणीवाला यांच्या मनांत एकच प्रत उभी राहत असेल, तर तें नांव आपलें काम चोख करतें. दोष उत्पन्न होतो तो पाटीलाच पुरावा मानल्यानें. म्हणून जाणता खरेदीदार चार प्रश्न वेगवेगळे विचारतो: हें नांव प्रदेशाचें कीं जातीचें? ती कोणत्या प्रेसमध्यें दाबली, कोणत्या क्रमांकाची? धाग्याची मापें काय? आणि तीं कोणीं घेतलीं? या चारांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळलीं, तर नांव कोणतेंहि असो, माल ओळखला गेला.

मुंबईच्या बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या आणि कॉटन ग्रीनचा जुना गजबजाट ओसरला. तथापि १९२१ सालीं स्थापन झालेली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन ही आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नांवानें तेथेंच नांदते आहे, आणि निरनिराळ्या प्रतींच्या रुईचे रोजचे भाव तेथून आजहि जाहीर होतात. २०२० मध्यें सरकारनें हिंदी रुईला ‘कस्तुरी’ हें नवें नांव दिलें. या नांवाच्या गांसडीवर एक सांकेतिक चौकट असते. ती यंत्रानें वाचली कीं गांसडीची माहिती पुढें येते. १९२५ च्या शिक्क्याचा हा नवा अवतार होय.

या साखळींत एक कडी अजून कच्ची आहे. प्रेसची खूण प्रेसपाशीं थांबते. तिच्या पलीकडे बाजार-समितींत आलेल्या शेंकडों बैलगाड्यांचा व ट्रॅक्टरांचा कापूस एकाच ढिगांत मिळतो. यवतमाळच्या एखाद्या शेतकऱ्यानें ओला व पिवळा कापूस वेगळा काढून स्वच्छ माल आणला, तर त्याचें नांव त्या ढिगांतच विरतें आणि त्याचा भावहि त्याबरोबर विरतो. गांसडीचें मूळ शोधणाऱ्यानें प्रेसच्या दारापर्यंत जावयाचें आणि तेथूनच परतावयाचें, असें आजवर चालत आलें. तो माग बांधापर्यंत पोंचेल, तेव्हांच चांगल्या कापसाचे पैसे चांगल्या कापूसवाल्यास मिळतील.