रंगमंचामागे पदवी लागते का?

नाटक असो की गाण्यांचा कार्यक्रम, प्रकाश-ध्वनीचं काम देताना पदवी सहसा कुणी विचारत नाही. आधी कुणाच्या हाताखाली काम केलंस, हे मात्र विचारतात. नवा मुलगा केबल कशी गुंडाळतो, एवढ्यावरून जाणता माणूस त्याला जोखतो. एक वेढा सरळ, पुढचा उलटा; म्हणजे आतल्या तारांना पीळ बसत नाही आणि पुढच्या प्रयोगाला केबल सुरळीत उलगडते. कोपराभोवती गुंडाळणारा लगेच कळतो. शिक्षण वाया जातं असं नाही. १९५९ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा मुख्य अभ्यासक्रम पदविकेचा आहे, आणि प्रकाशयोजनेची नजर अशाच ठिकाणी घडते. विजेचं मात्र वेगळं. थ्री-फेजच्या जोडणीला परवानाधारक वायरमनच हवा. तिथे नुसत्या अनुभवाच्या भरवशावर कुणालाही हात लावू देऊ नये.