पारेहाचे दोन चेहरे

व्यक्तिचित्रातील चेहरा कोणाचा हे कळले, म्हणजे चित्र कळले असे सामान्यतः मानले जाते. तथापि तो चेहरा कोणी रंगविला आणि कोणाच्या पंक्तीत बसविला, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. ह्वान दे पारेहा याच्या दोन चित्रांवरून ते ध्यानात येते.

आफ्रिकी वंशाचा पारेहा हा स्पेनच्या राजदरबारातील चित्रकार दिएगो वेलास्केस याचा गुलाम होता व त्याच्याच चित्रशाळेत काम करी. १६५० साली रोममध्ये वेलास्केसने त्याचे अर्धाकृती चित्र रंगविले आणि मार्च महिन्यात ते पँथिऑनमध्ये मांडले गेले. थेट प्रेक्षकावर रोखलेली नजर, रुंद शुभ्र गळपट्टी आणि तिच्यामुळे अधिकच उठून दिसणारा सावळा वर्ण! या मुद्रेवर दास्याची एकही खूण नाही. प्रत्यक्षात मात्र तो त्या वेळी गुलामच होता. त्याच्या मुक्तिपत्रावर सही झाली ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, आणि तीही आणखी चार वर्षांच्या सेवेच्या अटीवर. चित्रातील प्रतिष्ठा ही अशा रीतीने धन्याच्या हातून लाभलेली प्रतिष्ठा होय.

दुसरे चित्र पारेहाच्या स्वतःच्या हातचे आहे. संत मत्तयाच्या पाचारणाचे हे १६६१ मधील विस्तीर्ण चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्याच्या डाव्या कडेस पारेहाने स्वतःला उभे केले असून हातातील कागदावर आपले नाव लिहिले आहे. परंतु येथे त्याचा वर्ण उजळला आहे, नाकडोळ्यांनी युरोपीय वळण घेतले आहे. हा केवळ न्यूनगंड, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या समाजात काळी कातडी पाहताच गुलामगिरी आठवे, तेथे मुक्त माणूस म्हणून ओळखले जाण्याची ही किंमत होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्राहक आर्तुरो शॉम्बर्ग १९२६ मध्ये पारेहाच्या शोधात स्पेनला गेले, ते या दुसऱ्या चित्रासाठी. पहिल्या चित्रात वर्ण राखला गेला, पण चित्र धन्याचे राहिले. दुसऱ्यात वर्ण फिकटला, पण नाव स्वतःच्या अक्षरात उमटले. पारेहाची ओळख या दोहोंपैकी कोणत्याही एका चित्रात पुरती सामावत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याच्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा वेलास्केसचा नमुना म्हणून ओळखला जाणारा हा पुरुष चित्रकार म्हणून पुढे आला.