लिफाफ्यावरच्या पासष्ट रेघा

अमेरिकेत छापील टपालाच्या लिफाफ्यावर पत्त्याजवळ उभ्या रेघांची एक बारीक पट्टी दिसते; तिच्यात नेमक्या ६५ रेघा असतात, आणि काही आखूड, काही वर गेलेल्या, काही खाली उतरलेल्या, तर काही दोन्हीकडे लांबलेल्या अशा त्या चार प्रकारच्या असल्याने तेवढ्याशा जागेत ३१ अंकांपर्यंत माहिती मावते. ‘इंटेलिजंट मेल बारकोड’ नावाच्या या पट्टीतले पहिले २० अंक टपालाचा प्रकार, पाठवणारी संस्था आणि त्या पत्राचा स्वतःचा क्रमांक सांगतात, तर उरलेले अंक झिप कोडचे, म्हणजे आपल्या पिनकोडसारख्या सांकेतिक क्रमांकाचे असतात. वर्गीकरण यंत्रातून पत्र सरकताना ही पट्टी वाचली जात असल्याने साध्या जाहिरातपत्राचाही माग लागतो, आणि हीच या शोधाची खरी थोरवी आहे.

पत्ता वाचण्यासाठी यंत्रे लिफाफ्याचे छायाचित्र घेतच होती. तेच कृष्णधवल चित्र ग्राहकाच्या मोबाइलवर पोहोचवणारी ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही विनामूल्य सेवा २०१७ मध्ये अमेरिकाभर सुरू झाली. चित्र फक्त बाहेरच्या बाजूचे असते, आतला मजकूर बंदच राहतो. मात्र व्यावसायिक संस्थेला त्यासोबत रंगीत चित्र आणि संकेतस्थळाचा दुवा जोडता येतो.

भारतातही टपालाचा माग घेण्यासाठी स्पीड पोस्टच्या पावतीवर दोन रोमन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असा क्रमांक असतो. त्यातला नववा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असल्याने, मोबाइलवर एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर संगणकाला ती चूक बहुतेक वेळा ओळखता येते.